दिवंगत रॉक गिटारवादकाच्या स्मरणार्थ मोफत मैफल: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहरात ही घटना घडली. शहर, गिटारवादक आणि संबंधित व्यक्ती यांची नावे जाणीवपूर्वक दिलेली नाहीत. हा गिटारवादक ऐन तारुण्यात एका रॉक बँडसोबत देशभर फिरला आणि त्या बँडची काही गाणी आजही रेडिओवर वाजतात. बँड फुटल्यावर तो गावी परतला. पुढची अनेक वर्षे तो आठवड्यातून दोन संध्याकाळी, ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे नसत अशा मुलांना एक पैसाही न घेता गिटार शिकवीत असे. रॉक संगीतात असे शिक्षक अगदीच दुर्मिळ नाहीत. रँडी ऱ्होड्स हा 1982 मध्ये वयाच्या 25 व्या वर्षी विमान अपघातात गेलेला गिटारवादकही आईच्या संगीतशाळेत शिकवीत असे. मात्र जग अशा वादकांना त्यांच्या सोलोंमुळे ओळखते, शिकवण्यामुळे क्वचितच ओळखते. या प्रकरणातील बहुतेक अडचणींचे मूळ मला याच तफावतीत दिसते.

त्याच्या निधनानंतर काही महिन्यांनी सात जणांची एक समिती स्थापन झाली. त्यात त्याचे तीन माजी विद्यार्थी, एक संगीत शिक्षिका, वाद्य दुरुस्त करणारा एक कारागीर, शहराच्या उद्यान समितीवर पूर्वी काम केलेली एक महिला आणि मी, असे सात जण होतो. परवाने आणि विमा यांचे काम माझ्याकडे होते. नदीकाठच्या सार्वजनिक उद्यानात उन्हाळ्यातील एका संध्याकाळी, कोणाकडूनही प्रवेशशुल्क न घेता मैफल करायची, हा निर्णय पहिल्याच बैठकीत एकमताने झाला आणि तिसऱ्या दिवशी भित्तिपत्रक लागले. मोफत शिकवणाऱ्या माणसाची आठवण मोफतच जागवायची, ही भावना इतकी स्वाभाविक होती की त्यावर कोणी प्रश्नच विचारला नाही.

अडचण

भित्तिपत्रक लागले त्याच आठवड्यात गिटारवादकाच्या बहिणीचा फोन आला. तिला या कार्यक्रमाची बातमी भित्तिपत्रकावरूनच कळली होती. पत्रकावर वापरलेले छायाचित्र बँडच्या दिवसांतले होते. त्या काळाबद्दल तो स्वतः फारसे बोलत नसे. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते: कार्यक्रमाला तिचा विरोध नाही, तिच्या भावाच्या आजारपणाचा उल्लेख मंचावरून होऊ नये, आणि ज्या मुलांना त्याने शिकवले त्यांना कार्यक्रमात जागा मिळावी. तिसरी अपेक्षा ऐकून समितीतील माजी विद्यार्थ्यांनाच सर्वाधिक अवघडल्यासारखे झाले, कारण आमच्या पहिल्या आराखड्यात मुलांचा कार्यक्रम नव्हताच. त्यात होते ते शहरातील चार बँड आणि शेवटी गिटारवादकाच्या जुन्या बँडमधील एका सहकाऱ्याचे सादरीकरण.

त्यानंतरच्या काही दिवसांत आणखी तीन प्रश्न पुढे आले. उद्यानाच्या परवान्यासाठी शहराला अपेक्षित गर्दीचा आकडा हवा होता आणि तिकीट नसलेल्या कार्यक्रमाचा असा आकडा सांगण्याचे कोणतेही साधन आमच्याकडे नव्हते. गाणी वाजवण्याचा हक्क कोणाकडून आणि कशा स्वरूपात घ्यायचा, हे कोणालाच नेमके ठाऊक नव्हते. शिवाय एका व्यावसायिकाने ध्वनियंत्रणेचा संपूर्ण खर्च देऊ केला होता, मात्र मंचाच्या मागच्या पडद्यावर त्याच्या व्यवसायाचे नाव झळकावे अशी त्याची अट होती.

विचारात घेतलेले पर्याय: गाण्यांचे हक्क

या विषयावर सर्वाधिक वेळ गेला आणि तो जाणे योग्यच होते. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम 110(4) मध्ये एक सवलत आहे. प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष व्यापारी लाभाचा हेतू नसेल, वादक, प्रवर्तक व संयोजक यांना सादरीकरणाचा कोणताही मोबदला दिला जात नसेल आणि प्रवेशशुल्क नसेल, तर संगीतरचना सार्वजनिक ठिकाणी परवान्याशिवाय वाजवता येते. समितीतील अनेकांनी हे ऐकताच सुटकेचा निःश्वास टाकला. भारताच्या 1957 च्या कायद्यातही हौशी मंडळांनी पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणासाठी अशाच आशयाची तरतूद आहे, त्यामुळे ‘मोफत म्हणजे परवाना नको’ हा समज दोन्हीकडे रुजलेला दिसतो. परंतु कलम शब्दशः वाचल्यावर आमच्या बेतातील तीन गोष्टी त्यात बसत नव्हत्या, किंवा निदान निश्चितपणे बसत नव्हत्या.

पहिली म्हणजे प्रायोजकाचे नाव. मंचामागच्या पडद्यावर व्यवसायाची जाहिरात असेल तर ‘अप्रत्यक्ष व्यापारी लाभ’ नाही असे छातीठोकपणे कोण म्हणणार? दुसरी गोष्ट जुन्या सहकाऱ्याची. तो मानधन घेणार नव्हता, परंतु त्याचा विमानप्रवास आणि निवास यांचा खर्च आम्ही करणार होतो, आणि तो मोबदला ठरतो की नाही यावर मतभेद होऊ शकतात. तिसरी गोष्ट मात्र संदिग्ध नव्हती. ही सवलत जनतेसाठी केलेल्या प्रक्षेपणाला लागू होत नाही, आणि परगावी असलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवायचा, असे आम्ही भित्तिपत्रकावरच जाहीर केले होते.

पर्याय दोन होते. एक, कार्यक्रम सवलतीच्या चौकटीत बसेल इतका आटोपशीर करायचा, म्हणजे प्रायोजक, पाहुणा आणि प्रक्षेपण या तिन्ही गोष्टी सोडायच्या. दुसरा, सरळ परवाना घ्यायचा. दुसऱ्या पर्यायातही एक मेख होती. अमेरिकेत गीतकार-संगीतकार गाणी वाजवण्याचे परवाने देणाऱ्या ॲस्कॅप, बीएमआय, सेसॅक किंवा जीएमआर यांपैकी एखाद्या संस्थेशी जोडलेले असतात, आणि एकाच गाण्याचे दोन रचनाकार दोन वेगळ्या संस्थांचे सदस्य असतील तर व्यवहारात दोन्हीकडचा परवाना असावा लागतो. आमच्या गिटारवादकाचे सर्वांत गाजलेले गाणे त्याने आणि बँडच्या गायकाने मिळून रचले होते आणि दोघांचे हिस्से वेगवेगळ्या संस्थांकडे होते. सुदैवाने शहराने आपल्या उद्यानांतील कार्यक्रमांसाठी दोन मोठ्या संस्थांचे वार्षिक परवाने आधीच घेतलेले होते. ही माहिती उद्यान समितीच्या अनुभवी सदस्येने एका पत्राने मिळवली. मी तीन आठवडे ज्या प्रश्नाभोवती फिरत होतो तो तिने पालिकेच्या कचेरीत अर्ध्या तासात सोडवला. उरलेल्या हिश्शासाठी आम्ही वेगळा परवाना घेतला.

थेट प्रक्षेपण मात्र सोडावे लागले. शहराचे परवाने उद्यानातील प्रत्यक्ष सादरीकरणापुरते होते, आणि चित्रफीत प्रसारित करायची तर संगीत आणि चित्र जोडण्याची परवानगी प्रत्येक रचनेच्या प्रकाशकाकडून घ्यावी लागली असती. ज्यांना प्रक्षेपणाचे वचन दिले होते त्यांना एकेक करून कळवावे लागले, आणि त्यांची नाराजी रास्त होती.

विचारात घेतलेले पर्याय: नाव, छायाचित्र आणि वारस

कार्यक्रमात नाव असलेले टी-शर्ट विकून वाद्य-निधी उभारावा, असा एक प्रस्ताव होता. बहिणीने त्याला आनंदाने संमती दिली. इथे आमच्याकडून दुसरी चूक होता होता राहिली. गिटारवादकाने मृत्युपत्र केलेले नव्हते आणि त्याचा एक सज्ञान मुलगा दुसऱ्या राज्यात राहतो, हे आम्हाला नंतर कळले. व्यक्तीचे नाव व प्रतिमा यांच्या व्यापारी वापराचा हक्क तिच्या मृत्यूनंतरही टिकतो की नाही आणि किती काळ टिकतो, हे अमेरिकेत राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात तो मृत्यूनंतर 70 वर्षे टिकतो. प्रसिद्ध रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स 1970 मध्ये मृत्युपत्राविना गेला आणि त्याच्या संगीताचे हक्क परत मिळवण्यासाठी त्याच्या वडिलांना झगडावे लागले. ते हक्क कुटुंबाकडे आले 1995 मध्ये. आमचे प्रकरण त्या तुलनेत फार लहान होते, पण तत्त्व तेच होते: जो नातेवाईक सर्वांत जवळचा वाटतो तोच कायदेशीर वारस असेल असे नाही. मुलाशी संपर्क साधायला वेळ अपुरा होता, म्हणून टी-शर्ट रद्द केले. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला नाव देणे आणि त्या नावाचा माल विकणे या दोन गोष्टींतले अंतर समितीला इथे पहिल्यांदा नीट उमगले.

विचारात घेतलेले पर्याय: गर्दी

मोफत खुल्या मैफलींच्या इतिहासात 1969 हे वर्ष दोन टोके दाखवते. 5 जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा मोफत कार्यक्रम झाला. तो आधीच ठरलेला होता, पण दोनच दिवसांपूर्वी त्यांचा माजी गिटारवादक ब्रायन जोन्स मरण पावल्यामुळे त्याला श्रद्धांजलीचे रूप आले. लाखो लोक आले आणि शांततेत घरी गेले. त्याच वर्षी 6 डिसेंबरला त्याच बँडचा कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथील मोफत कार्यक्रम चार मृत्यूंनी काळवंडला. तिथली जागा आयत्या वेळी बदलली गेली होती, मंच जेमतेम एक मीटर उंच आणि तोही उताराच्या पायथ्याशी होता, आणि मंचाभोवतीचा बंदोबस्त मोटारसायकलस्वारांच्या टोळीवर सोपवला होता. आमचा कार्यक्रम या दोहोंच्या जवळपासही जाणारा नव्हता. पण ‘कोणीही या’ असे म्हटल्यावर किती जण येतील हे संयोजकाच्या हातात राहत नाही, ही गोष्ट आकाराने लहान झाली तरी बदलत नाही.

तीन पर्याय समोर होते: संपूर्ण मोकळे उद्यान, आगाऊ नोंदणीचे मोफत पास, किंवा कुंपण घालून प्रवेशद्वारावर मोजणी. पासांची बाजू समितीतील निम्म्या लोकांनी घेतली होती. माझा त्याला विरोध होता, आणि तो आजही आहे. मोफत पास घेऊन न येणारे बरेच असतात, आणि संध्याकाळी फिरायला आलेला माणूस, ज्याच्यासाठी खरे तर असा कार्यक्रम असतो, तो पास नाही म्हणून बाहेर उभा राहतो. अखेर मंचासमोरचा भाग कुंपणाने वेगळा केला, त्याच्या दोन्ही दारांवर हातातल्या गणकयंत्राने मोजणी करणारे स्वयंसेवक ठेवले आणि मागची हिरवळ मोकळी सोडली. उभ्या गर्दीत दर चौरस मीटरला चार-पाच माणसांच्या पुढे घनता गेली की माणसाच्या हालचालीवर त्याचे स्वतःचे नियंत्रण राहत नाही. आम्ही मोजणीची मर्यादा दर चौरस मीटरला दोन अशी धरली आणि बाहेर पडण्याचे मार्ग आत येण्याच्या मार्गांपेक्षा रुंद ठेवले. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी मंचाच्या डावीकडे उंच चौथरा बांधला, तसेच फिरत्या स्वच्छतागृहांपैकी किमान पाच टक्के सुगम्य असावीत हा नियमही पाळला.

विचारात घेतलेले पर्याय: आवाज

हा गिटारवादक कर्कश म्हणता येईल इतक्या मोठ्या आवाजात वाजवीत असे, आणि दोन बँडांचा आग्रह होता की त्याच्यासारखेच 100 वॅटचे ट्यूब ॲम्प्लिफायर (निर्वात नळ्यांवर चालणारे ध्वनिवर्धक) पूर्ण क्षमतेने वापरावेत. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. ट्यूब ॲम्प्लिफायर ताणला गेल्यावर जो भरदार, किंचित फाटलेला स्वर निघतो तो या शैलीचा प्राण आहे. मात्र हा ताण लहान ॲम्प्लिफायरमध्येही मिळतो. 100 वॅटच्या जागी 10 वॅटचा ॲम्प्लिफायर ठेवला तर पातळी 10 डेसिबलने उतरते आणि कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. तो मायक्रोफोनवर घेऊन श्रोत्यांपर्यंत हवा तितका पोचवता येतो आणि साउंड इंजिनिअरच्या ताब्यात राहतो. उलट 100 वरून 50 वॅटवर येण्याने फरक पडतो फक्त तीन डेसिबलचा, म्हणून ‘अर्ध्या क्षमतेचा तरी वापरू द्या’ ही तडजोड कागदावरच आकर्षक होती. वाद्य कारागिराने दोन लहान ॲम्प्लिफायर निवडून, एका संध्याकाळी सर्व बँडांना बोलावून ते ऐकवले. वाद तिथेच संपला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषात मैफलीच्या जागी 15 मिनिटांची सरासरी पातळी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे. लहान मुले येणार म्हणून आम्ही त्याहून बरीच खालची मर्यादा ठेवली आणि कानात घालायची बोंडे मोफत वाटली. उद्यानाच्या हद्दीवर एक ध्वनिमापक ठेवला.

प्रत्यक्ष कार्यवाही

प्रायोजकाला मंचामागचा पडदा नाकारून प्रवेशद्वाराजवळच्या आभारफलकावर जागा देऊ केली. त्याने निम्मी रक्कम दिली. उरलेले पैसे समितीच्या सदस्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी घातले. विमा शहराच्या अटीप्रमाणे, शहरालाही विमाधारकांत समाविष्ट करून घेतला. भित्तिपत्रकाचे छायाचित्र बदलले: नव्या छायाचित्रात तो एका मुलाच्या बोटांची जागा सरळ करीत वाकलेला दिसतो.

बहिणीच्या अपेक्षेनुसार बारा मुलांचा एक गट तयार झाला. त्यांच्या तयारीतली एक अडचण सांगण्यासारखी आहे. गिटारवादक आपल्या तारा नेहमीपेक्षा अर्धा स्वर उतरवून लावीत असे. हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे वॉन या गिटारवादकांच्या वादनातही ही पद्धत आढळते; त्यामुळे तारा किंचित सैल होतात, खेचायला सोप्या पडतात आणि गायकालाही सोयीचे होते. मुलांनी गाणी घरी नेहमीच्या पट्टीत बसवली होती. संगीत शिक्षिकेने सगळ्यांची वाद्ये उतरवून घेतली. मुलांनी मूळ सोलो जसाच्या तसा वाजवावा की प्रत्येकाने आपापल्या परीने दोन ओळी वाजवाव्यात, यावर बराच खल झाला. त्याची स्वतःची शिकवण्याची पद्धत दुसऱ्या प्रकारची होती, हे तिन्ही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले आणि तसेच ठरले.

मात्र कार्यक्रमाच्या क्रमात या गटाला शेवटून दुसरे स्थान दिले, म्हणजे गर्दी सर्वाधिक असताना मुले वाजवतील आणि लगेच पाहुणा वादक गाजलेले गाणे घेऊन येईल. हा निर्णय मुलांच्या सन्मानासाठीच घेतला होता.

वादळ आणि त्या वेळचा निर्णय

तिसरा बँड वाजवीत असताना पश्चिमेला वीज चमकली आणि गडगडाट ऐकू आला. वीज दिसणे आणि आवाज ऐकू येणे यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत असते आणि उघड्यावर थांबणे धोक्याचे असते. स्टेज मॅनेजरने कोणालाही न विचारता कार्यक्रम थांबवला. हा अधिकार तिला आधी लेखी दिलेला होता. समितीच्या सर्व निर्णयांत मला हा सर्वांत चांगला वाटतो, कारण त्या क्षणी सात जणांना विचारत बसलो असतो तर सात मते मिळाली असती. लोकांना शेजारच्या शाळेच्या इमारतीत आणि मोटारींमध्ये जायला सांगितले. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे थांबायचे हा नियम पाळला. त्या काळात आणखी एकदा गडगडाट झाला आणि घड्याळ पुन्हा शून्यावर गेले.

मैदान पुन्हा उघडले तेव्हा उद्यानाच्या परवान्याची मुदत संपायला वीस मिनिटे होती. समितीचे चार सदस्य मंचामागे होते. चौथा बँड स्वतःहून मागे हटला. उरली मुले आणि पाहुणा. मुलांना त्यांची तीन गाणी वाजवायला सतरा-अठरा मिनिटे लागली असती. पाहुणा वादक एवढ्या लांबून आला होता, परतलेल्या लोकांपैकी बरेच जण त्याच्यासाठीच थांबले होते, आणि आम्ही त्याचे नाव भित्तिपत्रकावर छापले होते. आम्ही मुलांना एक गाणे दिले आणि बाकी वेळ पाहुण्याला दिला. त्या चार जणांत मी होतो आणि मी याच बाजूने बोललो.

परिणाम

गाजलेले गाणे उत्तम झाले आणि लोक समाधानाने गेले. कोणालाही इजा झाली नाही. अंधार पडल्यावर नदीपलीकडच्या वस्तीतून आवाजाच्या काही तक्रारी आल्या, जरी हद्दीवरचा मापक मर्यादेच्या आत होता. संध्याकाळी जमीन निवते आणि तिच्या वर उबदार हवेचा थर राहतो, तेव्हा वर जाणारा ध्वनी पुन्हा खाली वळतो आणि दूरवर उतरतो. पावसानंतरच्या त्या शांत संध्याकाळी तसेच घडले असावे. साउंड इंजिनिअरने खालचे स्वर कमी केले, पण मापक जवळच्या हद्दीवर होता आणि त्रास दूरच्या काठावर.

बारापैकी सात मुलांना वाजवायलाच मिळाले नाही, कारण त्या एका गाण्यात पाचच जण होते. त्यांतल्या एका मुलीच्या आईने नंतर शांतपणे विचारले की हा कार्यक्रम नेमका कोणाचा होता. बहीण काही बोलली नाही. तिने मुलांना आपल्या घरी बोलावून घेतले आणि तिथे तिन्ही गाणी ऐकली.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट म्हणजे जाहीर करण्यापूर्वी कुटुंबाला विचारणे. त्याला एक फोन पुरला असता, आणि त्या फोनमधून कार्यक्रमाचा केंद्रबिंदूही कळला असता. प्रक्षेपण, टी-शर्ट आणि छायाचित्र या तिन्ही बाबतींत मागे घ्यावी लागलेली पावले त्याच घाईतून आली होती.

दुसरी गोष्ट क्रमाची आहे. खुल्या जागेतल्या कार्यक्रमात शेवटच्या तासाची शाश्वती कधीच नसते. वारा, पाऊस, वीज, उशीर हे सारे शेवटच्या सादरीकरणांच्या वाट्याचा वेळ खातात, म्हणून जे गमावणे परवडणार नाही ते आधी व्हायला हवे. आम्ही मुलांना मानाचे स्थान देण्याच्या इच्छेने सर्वांत असुरक्षित स्थान दिले. मंचामागचा माझा निर्णय मी आज घेणार नाही. पण त्याहून मोठी चूक दोन महिन्यांपूर्वी कार्यक्रमपत्रिका लिहिताना झाली होती, आणि तेव्हा आमच्याकडे विचाराला भरपूर वेळ होता.

तिसरी गोष्ट वादकांच्या मानधनाची. परवाना घेतल्यावर मोबदला न देण्याचे कायदेशीर कारण उरले नव्हते, तरीही चारही बँड फुकट आले, आणि ध्वनियंत्रणा, विमा, स्वच्छतागृहे या सर्वांचे पैसे मात्र पूर्ण दिले गेले. श्रोत्यांसाठी मोफत असलेल्या कार्यक्रमाची किंमत अशा रीतीने वादकांच्या माथी पडली. रक्कम लहान असली तरी सर्वांना सारखी द्यायला हवी होती, आणि त्यासाठी पाहुण्याचा विमानप्रवास वगळावा लागला असता तरी चालले असते, असे माझे मत आहे. समितीतील दोन सदस्यांना ते मान्य नाही.

पुढील वर्षाच्या परवान्यासाठी दिलेल्या अर्जात ध्वनिमापक दोन ठिकाणी दाखवले आहेत, एक नदीपलीकडे. पहिले सत्र साडेपाच वाजता मुलांचे आहे. गिटारवादकाच्या मुलाला पत्र लिहिले आहे आणि त्याचे उत्तर आले आहे. टी-शर्टाबद्दल त्याने काही म्हटलेले नाही, पण आपल्यालाही एक गाणे वाजवायला मिळेल का असे विचारले आहे. गाजलेले गाणे कुठे ठेवायचे, यावर समितीत अजून एकमत झालेले नाही.